सबमॉड्यूल आणि ब्रँच: आतला रेपो बाहेरच्या ब्रँचबरोबर कसा हलवायचा

गिट या आवृत्त्या सांभाळणाऱ्या साधनात एका रेपोच्या (फाइल आणि त्यांच्या इतिहासाच्या साठ्याच्या) पोटात दुसरा रेपो, म्हणजे सबमॉड्यूल, ठेवला की निम्मा गोंधळ एकाच गैरसमजातून होतो. बाहेरचा रेपो आतल्या रेपोची ब्रँच, म्हणजे कामाची स्वतंत्र शाखा, लक्षात ठेवतो, असे आपण धरून चालतो. प्रत्यक्षात तो फक्त एका कमिटचा, म्हणजे नोंदवलेल्या अवस्थेचा, हॅश (ओळख-क्रमांक) लिहून ठेवतो. आत कोणती ब्रँच आहे, ती पुढे सरकली का, तिचे नाव बदलले का, याच्याशी त्याला काही देणेघेणे नसते. खालची प्रत्येक अडचण या एका गोष्टीपाशी येऊन थांबते.

आज्ञा इथे देवनागरीत दिल्या आहेत. टर्मिनलवर त्या रोमन अक्षरांत टाइप करायच्या. मोकळ्या जागा, ठिपके आणि आडव्या रेघा मात्र आहेत तशाच ठेवायच्या.

उदाहरणासाठी एम्बेड टीएलएस हा एन्क्रिप्शनच्या लायब्ररीचा खरा, खुला प्रकल्प घेऊ, कारण त्याच्या ब्रँचची रचनाच एकमेकींपेक्षा वेगळी आहे. जुन्या २.२८ ब्रँचमध्ये सबमॉड्यूल नाही. ३.६ या दीर्घकाळ सांभाळल्या जाणाऱ्या ब्रँचमध्ये «फ्रेमवर्क» नावाचा एक सबमॉड्यूल आहे. चालू विकासाच्या ब्रँचमध्ये «फ्रेमवर्क» आहेच, शिवाय «टीएफ-पीएसए-क्रिप्टो» हा दुसरा सबमॉड्यूल आहे, आणि त्याच्या पोटात पुन्हा «फ्रेमवर्क». म्हणजे एका ब्रँचवर शून्य थर, दुसरीवर एक, तिसरीवर दोन.

नेमके काय साठवले जाते

३.६ ब्रँचवर उभे राहून हे चालवा:

    गिट एलएस-ट्री हेड फ्रेमवर्क

उत्तरात सुरुवातीला १६०००० हा आकडा, मग «कमिट» हा शब्द, मग हॅश दिसेल. साध्या फाइलला १००६४४ आणि फोल्डरला ०४०००० असतो. १६०००० म्हणजे «इथे दुसऱ्या रेपोचा हा कमिट हवा». या नोंदीला पुढे पॉइंटर म्हणू. पत्ता वेगळ्या ठिकाणी असतो: «.गिटमॉड्यूल्स» फाइलमध्ये नाव, पाथ आणि यूआरएल. ही फाइलही कमिट होते, त्यामुळे ती ब्रँचनुसार बदलते.

तिसरी जागा सहसा लक्षात येत नाही. सबमॉड्यूल पहिल्यांदा इनिट (चालू) केला की त्याची यूआरएल «.गिट/कॉन्फिग» मध्ये उतरवली जाते आणि आतल्या रेपोचा सगळा इतिहास «.गिट/मॉड्यूल्स/<नाव>» या फोल्डरमध्ये जाऊन बसतो. या दोन गोष्टी सगळ्या ब्रँचना सामाईक असतात. पॉइंटर आणि यूआरएल ब्रँचबरोबर बदलतात, कॉन्फिगमधली प्रत मात्र जुनीच राहते. पुढची काही दुखणी इथूनच निघतात.

आधी चार सेटिंग

    गिट कॉन्फिग --ग्लोबल सबमॉड्यूल.रिकर्स ट्रू
    गिट कॉन्फिग --ग्लोबल पुश.रिकर्ससबमॉड्यूल्स चेक
    गिट कॉन्फिग --ग्लोबल डिफ.सबमॉड्यूल लॉग
    गिट कॉन्फिग --ग्लोबल स्टेटस.सबमॉड्यूलसमरी ट्रू

पहिल्या सेटिंगमुळे चेकआउट, स्विच, पुल, रीसेट या आज्ञा आतल्या रेपोलाही बरोबर घेऊन जातात. ही सोय २०१७ मध्ये गिट २.१४ पासून आली. तिची एक किंमत आहे: आता «गिट रीसेट --हार्ड» केल्यावर सबमॉड्यूलमधले कमिट न केलेले बदलही पुसले जातात. आत काम चालू असेल तर आधी «स्टॅश» करा, म्हणजे ते बाजूला जपून ठेवा.

दुसरे सेटिंग वगळू नका. फक्त पहिले ठेवले तर बाहेरून पुश करताना (सर्व्हरवर पाठवताना) गिट आतले कमिटही आपणहून पुश करतो. रिव्ह्यू न झालेला कोड असा नकळत बाहेर जाणे बरे नाही. «चेक» ठेवल्यास आतला कमिट रिमोटवर (सर्व्हरवरच्या प्रतीत) नसेल तर पुश अडतो आणि कोणता सबमॉड्यूल राहिला ते कळते. उरलेल्या दोन सेटिंगमुळे डिफमध्ये नुसत्या हॅशऐवजी «आत कोणते कमिट आले, कोणते गेले» हे दिसते. पॉइंटर पुढे गेला की मागे, हे डोळ्यांना दिसण्याचा हा सर्वांत स्वस्त मार्ग आहे.

पहिल्या सेटिंगचा «क्लोन» वर, म्हणजे रेपोची पूर्ण प्रत पहिल्यांदा उतरवण्यावर, परिणाम होत नाही. तिथे «गिट क्लोन --रिकर्स-सबमॉड्यूल्स <यूआरएल>» असेच लिहावे लागते. गिटहबवरचे झिप डाउनलोड तर विसराच: त्यात सबमॉड्यूलच्या जागी रिकामे फोल्डर येतात. ईएसपी३२ चिपवर काम करणाऱ्यांना हे माहीत असेल; तिच्या ईएसपी-आयडीएफ या विकास-साधनसंचाच्या रिलीज पानावर याच कारणासाठी तयार झिप वेगळी जोडलेली असते.

ब्रँच बदलताना

ठरलेला क्रम असा:

    गिट स्टेटस
    गिट फेच --रिकर्स-सबमॉड्यूल्स
    गिट स्विच <ब्रँच>
    गिट सबमॉड्यूल सिंक --रिकर्सिव्ह
    गिट सबमॉड्यूल अपडेट --इनिट --रिकर्सिव्ह
    गिट सबमॉड्यूल स्टेटस --रिकर्सिव्ह

रिकर्स सेटिंग असूनही शेवटच्या तीन ओळी लागतात, त्या का ते पाहा. ३.६ वरून विकासाच्या ब्रँचवर गेलात तर «टीएफ-पीएसए-क्रिप्टो» हा सबमॉड्यूल तुमच्या संगणकावर कधी उतरलेलाच नसतो. स्विच त्याला क्लोन करत नाही. रिकामे फोल्डर तयार होते आणि बिल्ड «फाइल सापडली नाही» म्हणत पडतो. «--इनिट» हे त्याच्यासाठी. «--रिकर्सिव्ह» नसेल तर «टीएफ-पीएसए-क्रिप्टो» येतो, पण त्याच्या पोटातला «फ्रेमवर्क» रिकामा राहतो. «सिंक» लागते ते दोन ब्रँचमध्ये यूआरएल वेगळी असेल तेव्हा: ते «.गिटमॉड्यूल्स» मधला पत्ता कॉन्फिगमध्ये पुन्हा उतरवते. ते राहिले तर अपडेट जुन्या पत्त्यावर नवा हॅश शोधत बसतो.

शेवटच्या स्टेटसमध्ये प्रत्येक ओळीचे पहिले चिन्ह वाचा. मोकळी जागा म्हणजे ठीक. वजाचे चिन्ह म्हणजे इनिट झालेला नाही. अधिकचे चिन्ह म्हणजे आत उघडलेला कमिट पॉइंटरपेक्षा वेगळा आहे. «यू» म्हणजे मर्जचा (दोन ब्रँच जोडण्याचा) वाद मिटलेला नाही. चारही स्थिती पाठ असू द्या.

उलट दिशेने, म्हणजे ३.६ वरून २.२८ कडे जाताना, रिकर्स सेटिंग नसेल तर «अनेबल टू आरएमडीर» अशी सूचना येते आणि «फ्रेमवर्क» फोल्डर मागे राहतो. गिटच्या लेखी तो आता अनोळखी फोल्डर असतो. तो काढायला साधे «गिट क्लीन -एफडी» पुरत नाही, कारण आत रेपो आहे हे पाहून गिट हात लावत नाही. «एफ» दोनदा द्यावा लागतो. आधी «गिट क्लीन -एफएफडीएन» चालवून काय काय जाणार ते पाहा, मग शेवटचा «एन» काढा. इतिहास «.गिट/मॉड्यूल्स» मध्ये असल्याने परत येताना पुन्हा क्लोन करावे लागत नाही.

एका ब्रँचवर एखाद्या पाथला साधा फोल्डर आणि दुसरीवर त्याच पाथला सबमॉड्यूल, हा प्रकार त्याहून त्रासदायक. सबमॉड्यूलकडून साध्या फोल्डरकडे जाताना «या फाइल पुसल्या जातील» म्हणून गिट स्विच अडवतो. तेव्हा आधी «गिट सबमॉड्यूल डीइनिट <पाथ>» करून फोल्डर रिकामा करा आणि मग स्विच करा. त्या अडथळ्यावर «--फोर्स» मारू नका.

आणखी एक एरर भेटेल: «फेल्ड टू अनपॅक ट्री ऑब्जेक्ट», म्हणजे रिकर्ससह स्विच करताना हवा तो आतला कमिट स्थानिक प्रतीत नाही. वरच्या क्रमातला फेच (सर्व्हरवरून नवे कमिट आणणे) बहुतेक वेळा हे टाळतो. तरी आलेच तर त्या एका वेळेपुरते रिकर्स बंद करा:

    गिट -सी सबमॉड्यूल.रिकर्स=फॉल्स स्विच <ब्रँच>
    गिट सबमॉड्यूल अपडेट --इनिट --रिकर्सिव्ह

चुपचाप मागे गेलेला पॉइंटर

हा सगळ्यांत घातक प्रकार आहे, कारण त्यात कुठेही एरर येत नाही.

समजा रिकर्स सेटिंग नाही. तुम्ही मेनवर (मुख्य ब्रँचवर) आलात, पुल केले, म्हणजे सर्व्हरवरचे बदल आणले. मेनवर कोणीतरी पॉइंटर पुढे नेला आहे, पण तुमच्या फोल्डरमध्ये सबमॉड्यूल अजून जुन्याच कमिटवर आहे. गिटला हे «सबमॉड्यूल बदलला आहे» असे दिसते. तुम्ही एक फाइल दुरुस्त करून «गिट कमिट -ए» किंवा «गिट ॲड .» केले की जुना हॅश नव्या कमिटमध्ये जातो. आतल्या रेपोतली एखादी सुरक्षा दुरुस्ती त्या एका कमिटने उलटी फिरते.

पुढे मर्जमध्ये तरी हे पकडले जाईल असे वाटते. तसे होत नाही. तीन बाजूंच्या मर्जमध्ये एकाच बाजूने पॉइंटर बदलला असेल तर गिट तीच बाजू घेतो. तो बदल पुढे आहे की मागे, हे तो पाहत नाही. त्यामुळे मागे गेलेला पॉइंटर वाद न होता मेनमध्ये शिरतो.

म्हणून कमिटच्या आधी «गिट डिफ --कॅश्ड --सबमॉड्यूल=लॉग» पाहायची सवय लावा. सबमॉड्यूलच्या नावापुढे «रिवाइंड» दिसले किंवा ओळी «<» चिन्हाने सुरू झाल्या, की थांबा. चूक झालीच असेल तर मेनवरचा पॉइंटर असा परत आणा:

    गिट रिस्टोर --सोर्स=ओरिजिन/मेन --स्टेज्ड <पाथ>
    गिट सबमॉड्यूल अपडेट --रिकर्सिव्ह <पाथ>
    गिट कमिट

सबमॉड्यूल अपडेट इंडेक्समधला (पुढच्या कमिटची तयारी जिथे होते तिथला) हॅश वाचतो, म्हणून आधी स्टेज, मग अपडेट. क्रम उलटा केला तर काहीच हलत नाही.

काम आतून बाहेर

अपडेटनंतर सबमॉड्यूल कोणत्याच ब्रँचवर नसतो, हेड (सध्या उघडलेल्या कमिटची खूण) सुटे असते. तशा अवस्थेत कमिट केला तर त्याला धरून ठेवणारी ब्रँच नसते आणि पुढचा अपडेट त्याला मागे टाकून जातो. आत एक अक्षर बदलण्याआधी सबमॉड्यूलमध्ये जाऊन «गिट स्विच -सी <कामाची-ब्रँच>» करा. विसरलात आणि कमिट हरवला, तर सबमॉड्यूलच्या आतच «गिट रिफ्लॉग» मध्ये त्याचा हॅश सापडतो. «गिट ब्रँच बचाव <हॅश>» करून तो धरून ठेवा.

दोन थर असतील तर क्रम ठरलेला: सर्वांत आतला रेपो, मग मधला, मग बाहेरचा. एम्बेड टीएलएसमध्ये «फ्रेमवर्क» मध्ये बदल करायचा तर तो आधी तिथे मर्ज झाला पाहिजे. मग «टीएफ-पीएसए-क्रिप्टो» मधला त्याचा पॉइंटर हलवून तो मर्ज करायचा. शेवटी बाहेरच्या रेपोत दोन्ही पॉइंटर हलवायचे. इथे एक शब्द महत्त्वाचा आहे: मर्ज *झाल्यानंतरचा* हॅश. गिटहब किंवा गिटलॅबवर «स्क्वॉश» करून (सगळे कमिट एकात मिळवून) मर्ज केले की पुल रिक्वेस्टमधला (मर्जच्या विनंतीतला) तुमचा कमिट मेनमध्ये जात नाही; त्याच मजकुराचा वेगळ्या हॅशचा नवा कमिट जातो. बाहेरचा पॉइंटर जुन्या हॅशवर राहिला तर आज चालते, कारण तो कमिट सर्व्हरवर अजून पडून असतो. पुढे ब्रँच पुसली जाते, रेपो दुसरीकडे हलवला जातो, आणि नवा क्लोन «नॉट अवर रेफ» म्हणून पडतो. जुन्या फोल्डरवाल्यांना मात्र सगळे ठीक दिसते, म्हणून कारण सापडायला वेळ लागतो.

तपासणी सोपी आहे. सबमॉड्यूलच्या आत:

    गिट फेच ओरिजिन
    गिट मर्ज-बेस --इज-ॲन्सेस्टर हेड ओरिजिन/मेन

शून्य परत आले तर पॉइंटर मेनच्या इतिहासात आहे. ही दुसरी ओळ सीआयमध्ये (प्रत्येक बदलावर आपोआप चालणाऱ्या तपासणीत) घाला आणि रिलीज ब्रँचसाठी मेनच्या जागी आतली रिलीज ब्रँच लिहा. ज्या ब्रँचवर कोणाचा तरी पॉइंटर आहे तिच्यावर रीबेस करून (इतिहास नव्याने लिहून) फोर्स पुश कधीच करू नये. जुन्या रिलीजचे हॅश टॅग लावून जपा.

पॉइंटरचा बदल वेगळ्या कमिटमध्ये ठेवावा की कोडबरोबर? बाहेरचा कोड नव्या पॉइंटरशिवाय कंपाइलच होत नसेल तर एकाच कमिटमध्ये. नाहीतर «बायसेक्ट» करताना (बिघाड आणणारा कमिट शोधताना) मधला कमिट मोडका निघतो. तसे बंधन नसेल तर वेगळा ठेवा, मेसेजमध्ये आतल्या बदलाचे कारण लिहा.

रिलीज ब्रँचना आतली जोडीदार ब्रँच

बाहेर «रिलीज» ब्रँच काढली की आतही त्याच हॅशवरून एक ब्रँच काढून ठेवा. मग आतली दुरुस्ती आधी आतल्या मेनवर, तिथून चेरी-पिकने (तेवढाच कमिट उचलून) आतल्या रिलीज ब्रँचवर, आणि बाहेरच्या रिलीज ब्रँचवर पॉइंटर स्वतंत्रपणे हलवायचा. बाहेरच्या मेनवरचा पॉइंटर-कमिट रिलीजवर चेरी-पिक करू नका: त्यासोबत आतल्या मेनवरचे सगळे नवे काम रिलीजमध्ये येते.

कोणती आतली ब्रँच पाहायची हे लिहून ठेवता येते:

    गिट सबमॉड्यूल सेट-ब्रँच --ब्रँच <आतली-ब्रँच> <पाथ>

ही ओळ «.गिटमॉड्यूल्स» मध्ये जाते आणि फक्त «गिट सबमॉड्यूल अपडेट --रिमोट» ती वाचते. साधा अपडेट तिच्याकडे पाहत नाही. ब्रँचच्या जागी नुसता ठिपका लिहिला तर «बाहेर जी ब्रँच, तीच आत» असा अर्थ होतो. दोन्ही रेपोंत नावे तंतोतंत सारखी असतील तरच हे वापरा. रिलीज ब्रँच परत मेनमध्ये मर्ज करताना ही ओळही सोबत येते, वाद न होता. मर्जनंतर «.गिटमॉड्यूल्स» उघडून पाहा.

यूआरएलबद्दल एक गोष्ट. «../लिब.गिट» असा सापेक्ष पत्ता एकाच सर्व्हरवरच्या रेपोंसाठी छान चालतो, एसएसएच आणि एचटीटीपीएस दोन्हींत. पण कोणी बाहेरचा रेपो स्वतःच्या खात्यावर फोर्क केला की गिट आतला रेपोही त्याच खात्यात शोधतो. बाहेरच्यांकडून पुल रिक्वेस्ट घेणाऱ्या प्रकल्पात पूर्ण पत्ता लिहावा.

दोन ब्रँचनी पॉइंटर वेगवेगळा हलवला

एक हॅश दुसऱ्याचा पूर्वज असेल आणि दोन्ही मूळ हॅशपासून पुढे गेलेले असतील, तर गिट पुढचा हॅश स्वतःच निवडतो. त्यासाठी ते कमिट स्थानिक प्रतीत हवेत. नसतील तर सोपे मर्जही वादात जाते. म्हणून मर्जच्या आधी रिकर्ससह फेच. दोन्ही बाजू फाकल्या असतील तर «कॉन्फ्लिक्ट (सबमॉड्यूल)» येतो. आता «सबमॉड्यूल अपडेट» मदत करत नाही. वादातला सबमॉड्यूल तो वगळतो. हाताने करायचे ते असे:

    गिट एलएस-फाइल्स -यू <पाथ>

तीन ओळी येतील: १ म्हणजे समान मूळ, २ म्हणजे तुमची बाजू, ३ म्हणजे येणारी बाजू. तिन्ही हॅश टिपून घ्या आणि सबमॉड्यूलमध्ये जा.

    सीडी <पाथ>
    गिट फेच ओरिजिन
    गिट स्विच -सी जोडणी <हॅश-२>
    गिट मर्ज <हॅश-३>

आतले वाद इथे सोडवा आणि आतल्याच चाचण्या चालवा. मग ही ब्रँच आतल्या रेपोत नेहमीच्या रिव्ह्यूमधून मर्ज होऊ द्या. स्क्वॉश न करता, कारण दोन्ही जुने हॅश इतिहासात राहिले पाहिजेत. अनेकदा आतल्या मेनवर दोन्ही बदल आधीच पोहोचलेले असतात, तेव्हा नवे मर्ज करण्याऐवजी त्या मेनवरचाच कमिट उघडा. मग बाहेर येऊन «गिट ॲड <पाथ>» आणि «गिट कमिट».

घाईत एक बाजू निवडून मोकळे होणे हा मोह टाळा. हॅश-२ ठेवला तर हॅश-३ मधले सगळे आतले काम या ब्रँचवरून जाते, आणि बाहेरच्या डिफमध्ये ते एका ओळीच्या बदलासारखे दिसते. रिव्ह्यू करणाऱ्याला ते सहज कळत नाही.

एकच रेपो दोन ठिकाणी

«फ्रेमवर्क» बाहेरून एकदा आणि «टीएफ-पीएसए-क्रिप्टो» मधून एकदा, असे दोनदा येते. गिट या दोघांना पूर्ण वेगळे समजतो. हॅश जुळवण्याचे काम तो करत नाही. «गिट सबमॉड्यूल स्टेटस --रिकर्सिव्ह» मध्ये दोन्ही हॅश शेजारी ठेवून पाहा. ते स्क्रिप्ट किंवा चाचण्यांपुरते असतील तर फरक काही काळ खपतो. पण दोन प्रतींच्या हेडर फाइल एकाच बायनरीत जात असतील तर कोणती उचलली जाईल हे इन्क्लूड पाथच्या क्रमावर ठरते. अशा वेळी बिल्डला एकच प्रत दाखवा आणि सीआयमध्ये हॅश वेगळे निघाले तर बिल्ड थांबवा.

उरलेले

गिटहब ॲक्शन्समध्ये चेकआउटच्या पायरीला «सबमॉड्यूल्स: रिकर्सिव्ह» द्यावे लागते. तिथले डीफॉल्ट टोकन फक्त त्याच रेपोपुरते असते. आतला रेपो खाजगी असेल तर वेगळे टोकन किंवा डिप्लॉय की लागते. गिटलॅबमध्ये «गिट_सबमॉड्यूल_स्ट्रॅटेजी» ला «रिकर्सिव्ह» ही किंमत द्या.

दोन रिलीज ओळी एकाच वेळी उघड्या ठेवायला «वर्कट्री» (एकाच रेपोचा आणखी एक कामाचा फोल्डर) सोयीची वाटते, पण सबमॉड्यूल असलेल्या रेपोसाठी गिटच्या स्वतःच्या दस्तऐवजात तिची शिफारस नाही आणि ती काढताना «--फोर्स» लागतो. दोन वेगळे क्लोन करा. डिस्क थोडी जास्त जाते, इतकेच.

अनोळखी रेपो रिकर्सिव्ह क्लोन करण्याआधी गिट ताजे आहे ना ते पाहा. मे २०२४ मध्ये दुरुस्त झालेल्या सीव्हीई-२०२४-३२००२ या सुरक्षा त्रुटीमध्ये अक्षरांचा लहान-मोठा भेद न मानणाऱ्या फाइल सिस्टिमवर, म्हणजे नेहमीच्या विंडोज आणि मॅकवर, नुसत्या रिकर्सिव्ह क्लोनने परका कोड चालवता येत होता. दुरुस्ती २.४५.१ आणि त्याच वेळच्या जुन्या शाखांच्या आवृत्त्यांत आहे.

सबमॉड्यूल एखाद्या ब्रँचवरून काढायचा असेल तर «गिट आरएम <पाथ>» पुरते, ते «.गिटमॉड्यूल्स» मधली नोंदही काढते. «.गिट/मॉड्यूल्स» मधला फोल्डर मात्र लगेच पुसू नका. दुसऱ्या ब्रँचना तो अजून लागतो, आणि आतले न पुश केलेले कमिटही तिथेच असतात. शेवटची ब्रँच त्याला सोडेपर्यंत तो राहू द्या. त्याच पाथवर पुढे वेगळा रेपो जोडायचा झाला तर «गिट सबमॉड्यूल ॲड --नेम <नवे-नाव> <यूआरएल> <पाथ>» वापरा, म्हणजे दोघांचा इतिहास एकाच फोल्डरमध्ये येऊन भिडणार नाही.